आपल्या शब्दांची नोंद आपणच करावी



ह्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय स्थापिले. त्याच बाबासाहेबांनी पाली भाषेचा कोशही रचिला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली प्रसिद्ध केला. एवढ्या कार्यव्याप्त पुरुषाने शब्द जमविण्यात काळ का वेचावा? ज्याच्या शब्दांची नोंद नाही, त्याचे म्हणणे जगाच्या हिशेबात धरले जात नाही, म्हणून.

आज असा कोश आपल्या खिशातील फोनमध्ये आहे. दोन अक्षरे टंकताच कळफलक शब्द सुचवितो. ही जादू नव्हे. आत शब्दांची यादी असते व प्रत्येक शब्दापुढे त्याच्या वापराचा अंक. अँड्रॉइडच्या मुक्त कळफलकात तो फार तर २५५. अंक मोठा, तो शब्द आधी. यादीत नसलेला शब्द मात्र चूक ठरतो. आपण ‘धम्म’, ‘उपोसथ’ लिहावे आणि यंत्राने भलताच शब्द पुढे करावा! ज्यांच्या लेखनातून यादी झाली, त्यांचेच शब्द तीत असावयाचे.

परंतु ह्यास उपाय आहे. हेलिबोर्डसारख्या मुक्त कळफलकात बाहेरचा शब्दकोश घालता येतो. साध्या फाइलीत ओळीगणिक एक शब्द व त्याचा अंक लिहावा, तिचे कोशात रूपांतर करावे व तो फोनमध्ये भरावा. त्यास कोणाची परवानगी लागत नाही.

विद्यार्थ्यांनो, पालीचे व आपल्या वस्त्यांतील बोलीचे शब्द गोळा करा, त्यांचे लेखन तपासा, आणि तो कोश सर्वांस खुला ठेवा. अर्जविनंत्या पुष्कळ झाल्या; हे काम आपल्या हातचे आहे.

जय भीम!