शार्नहोर्स्ट : तोफखान्यांतला शिक्षक

नेपोलियनच्या युद्धांची हकीगत आपण बहुधा विजेत्याच्या बाजूनें वाचलेली असते. आज मी आपणांस पराभूतांच्या छावणींतील एका अधिकाऱ्याचें चरित्र सांगणार आहें. गेऱ्हार्ड फॉन शार्नहोर्स्ट हें त्याचें नांव.

त्याचा जन्म १७५५ सालीं हानोवरच्या मुलुखांत झाला. बाप घोडदळांतला साधा हुद्देदार. पुढें शेती करून राहिलेला. अशा घरच्या मुलाला सैन्यांत वर चढण्याची आशा थोडीच. मोठ्या जागा जणूं सरदारघराण्यांचें वतनच झाल्या होत्या. तोफखान्याची गोष्ट मात्र निराळी. तोफ कोणाचें कूळ विचारीत नाहीं. तिला गणित आणि भूमिति लागते. विल्हेल्मस्टाइन येथील लष्करी शाळेंत शिकून तो १७७८ मध्यें हानोवरच्या सैन्यांत शिरला आणि थोड्याच वर्षांत तोफखान्यांत आला. तेथें तो शिकवूं लागला, ग्रंथ लिहूं लागला.

१८०१ मध्यें प्रशियानें त्याला लेफ्टनंट-कर्नलचा हुद्दा देऊन आपल्या तोफखान्यांत घेतलें. सरदारकीची सनदही त्यानें मागून घेतली; तिच्यावांचून त्या सैन्यांत शब्दाला वजन नव्हतें. बर्लिनमध्यें तो तरुण अधिकाऱ्यांना शिकवी. पुढें युद्धशास्त्रावर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा क्लाउझेविट्झ हा त्याचाच शिष्य.

१४ ऑक्टोबर १८०६ रोजीं येना आणि आउअरश्टेट या दोन्ही रणांगणांवर प्रशियाची फौज मोडली. आउअरश्टेटला फ्रेंच संख्येनें सुमारें निम्मेच होते, तरी जिंकले. तेथें घायाळ झालेला शार्नहोर्स्ट ब्ल्यूखरबरोबर ल्यूबेकपर्यंत झगडत मागें हटला व कैद झाला. अदलाबदलींत सुटून फेब्रुवारी १८०७ मध्यें आयलाउच्या बर्फांत तो पुन्हां लढला. परंतु जुलैंत टिल्झिटचा तह झाला आणि प्रशियानें जवळजवळ अर्धा मुलूख गमावला.

त्याच महिन्यांत सैन्याच्या पुनर्रचनेचें मंडळ नेमलें गेलें व त्याचें प्रमुखपद शार्नहोर्स्टकडे आलें. दोष कोठें होता? फ्रेंच शिपाई आपल्या राष्ट्रासाठीं लढत होता; प्रशियाचा शिपाई छडीच्या भयानें लढत होता. म्हणून १८०८ मध्यें फटक्यांची शिक्षा जवळजवळ बंद झाली आणि अधिकाऱ्याची जागा शांततेंत ज्ञानाला व युद्धांत शौर्याला मिळावी, असा नियम झाला. ज्याला स्वतः सनद मागावी लागली, त्यानेंच तिची गरज इतरांपुरती काढून टाकली!

नेपोलियननें प्रशियाच्या सैन्यावर ४२ हजारांची मर्यादा घातली. तेव्हां कांहीं शिकलेले शिपाई घरीं धाडावे व त्यांच्या जागीं नवे घ्यावे, अशी युक्ति योजिली गेली. तिनें उभें राहिलेलें राखीव बळ जुने इतिहासकार सांगतात तितकें मोठें नव्हतें. पण मर्यादेच्या आंत राहून शिकलेल्या माणसांची संख्या वाढली, हें खरें. १८१० मध्यें फ्रेंचांच्या दडपणामुळें त्याला युद्धखात्याचा कारभार सोडावा लागला. त्याच वर्षीं बर्लिनमध्यें त्याच्या योजनेप्रमाणें युद्धविद्यालय उघडलें.

१८१३ मध्यें प्रशिया पुन्हां नेपोलियनविरुद्ध उठला. २ मे रोजीं ग्रोसगोर्शेनच्या लढाईंत शार्नहोर्स्टच्या पायाला गोळी लागली. जखम विशेष भयंकर नव्हती. विश्रांति घेतली असती तर कदाचित् तो वांचताही. पण ऑस्ट्रियाला आपल्या बाजूस वळविण्यासाठीं तो तशाच स्थितींत प्रवासाला निघाला. जखम चिघळली आणि २८ जून रोजीं प्राग येथें त्याचा अंत झाला. ऑगस्टांत ऑस्ट्रिया युद्धांत उतरला; ऑक्टोबरांत लाइप्झिगला नेपोलियनचा मोठा पराभव झाला; १८१४ मध्यें त्याचा सहकारी बोयेन यानें सार्वत्रिक लष्करी सेवेचा कायदा करविला. यांतलें कांहींच त्यानें पाहिलें नाहीं.

या सुधारणांचें पुढें काय झालें, हा प्रश्न सोपा नाहीं. त्याच प्रशियाच्या सैन्यानें नंतरच्या काळांत यूरोपला धाक घातला, हेंही विसरतां येत नाहीं. परंतु हरलेल्या राष्ट्रानें दैवाला बोल न लावतां आपल्या चुका मोजाव्या, हा धडा त्या तोफखान्याच्या शिक्षकानें घालून दिला. मोजमाप हाच तर त्याचा धंदा होता.