काशाची वाटी आणि शांत झोप

रात्री नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर होत असेल, तर आजीची काशाची वाटी फडताळातून बाहेर काढा. तळपायांना थोडं तूप किंवा खोबरेल लावून या वाटीनं दहा मिनिटं हलकेच चोळायचं. वाटी अंगातली उष्णता ओढते, असं जुनी माणसं सांगत. ओढत नाही, पण पाय ऊबदार झाले, की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते, आणि शरीराचं तापमान उतरू लागलं की डोळे मिटतात. निजण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्यानं अंघोळ केली, तरी हेच घडतं.

दुधात जायफळ घालता? चिमूटभरच. जास्त झालं, तर मळमळ आणि भ्रम होतो.

चहाचं मात्र कळकळीनं सांगते. त्यातल्या कॅफीनचा जवळपास निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो. म्हणून शेवटचा कप दुपारीच घ्या. उठण्याची वेळही रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा.

आणि घरात कुणाचा घोरताना श्वास अडकत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.