आमंत्रणांची यादी आणि निकालांचा तक्ता



घोडेगावाहून भीमाशंकराकडे निघालं, डिंभे धरण मागे पडलं, की घाटमाथ्याच्या वाटेवर तळेघर लागतं. या मुलखात पाऊस धो धो कोसळतो, पुसा-माघात शेकोटीशिवाय रात्र सरत नाही, पण बर्फ पडलेला कुणी पाहिलेला नाही. तेव्हा बर्फावरच्या खेळांबद्दल, त्यातही शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन खेळाडूंबद्दल इथल्या माणसाने का ऐकावं, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. त्याचं उत्तर एका स्पर्धेत आहे. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक भरलं. बर्फावर त्या काळी नाणावलेल्या जर्मनीला त्याचं दार बंद होतं. आणि त्याच ऑलिंपिकमध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने पुढाकार घेतल्यामुळे, आपल्याकडचे धावपटू आणि मल्ल पहिल्यांदा एक संघ म्हणून उतरले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर जुन्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे निकाल कसे वाचावेत याबद्दल काही सांगता येतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की त्या निकालांचा तक्ता हातात घेण्याआधी आमंत्रणांची यादी बघावी. कोण जिंकलं हे तक्ता सांगतो. कोणाला येऊ दिलं आणि कोण पोचूच शकलं नाही, हे त्याला सांगता येत नाही, आणि आपण मात्र त्यावरून कोणता देश श्रेष्ठ आणि कोणता मागासलेला हे ठरवून मोकळे होतो.

आधी बर्फाकडे जाऊ. फिगर स्केटिंग म्हणजे नुसतं घसरणं नव्हे. त्या काळी या खेळाचा मोठा भाग असा असे, की स्वच्छ बर्फावर एका पायाच्या पात्याने आठाच्या आकड्यासारखी आकृती कोरायची, पुन्हा त्याच रेघेवरून फिरायचं, आणि मग पंचांनी वाकून वाकून त्या रेघा तपासायच्या. रेघ दुहेरी झाली, वर्तुळ चेपलं, की गुण गेले. या खेळाची पहिली युरोपीय स्पर्धा १८९१ साली हँबर्गला झाली आणि ती ऑस्कर उलिग या जर्मनाने जिंकली. पहिली जागतिक स्पर्धा १८९६ साली सेंट पीटर्सबर्गला झाली आणि ती जर्मनीच्या बाजूने उतरलेल्या गिल्बर्ट फुक्सने जिंकली. हा गृहस्थ मूळचा ऑस्ट्रियातल्या ग्राट्झचा, आणि पेशाने जंगलातल्या झाडांच्या सालीत राहणाऱ्या किड्यांचा अभ्यासक. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्केटिंगचा समावेश झाला, तेव्हा जोडीच्या प्रकारात म्युनिकच्या आना ह्युब्लर आणि हाइन्रिश बुर्गर यांनी सुवर्णपदक मिळवलं, महिलांमध्ये एल्सा रेन्डश्मिट दुसरी आली. म्हणजे पहिला युरोपीय विजेता, पहिला जगज्जेता आणि ऑलिंपिकमधली पहिली विजेती जोडी, तिन्ही नोंदी जर्मनीच्या नावावर.

आता याच नोंदी जवळून पाहा. १८९६ च्या त्या जागतिक स्पर्धेत स्पर्धक होते अवघे चार. लंडनला जोड्या होत्या तीन, म्हणजे जी जोडी आली तिला पदक ठरलेलंच. १९११ च्या जागतिक स्पर्धेत तर एकच जोडी उतरली आणि जगज्जेती ठरली. १९०६ ची स्पर्धा म्युनिकला होती. स्वीडनचा उलरिख साल्कोव त्या काळचा सर्वांत बलाढ्य स्केटर, पण जर्मनीत फुक्सविरुद्ध पंच आपल्याला न्याय देणार नाहीत या शंकेने तो गेलाच नाही, आणि फुक्स दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. म्हणून फुक्स वाईट खेळाडू होता असं मी म्हणत नाही. आठाच्या आकृत्या काही आपोआप कोरल्या जात नाहीत. पण ‘जगज्जेता’ या शब्दातलं जग किती मोठं होतं, हे तरी लक्षात घ्यायला हवं. जर्मनीच्या नावावर जमा झालेल्या यशालाही हा हिशेब लागू आहे. जर्मनीवर पुढे अन्याय झाला असं सांगण्यासाठी त्याआधीचं यश फुगवून सांगायची गरज नाही.

पुढे १९१६ चं ऑलिंपिक बर्लिनला व्हायचं होतं. त्यात श्वार्झवाल्डच्या डोंगरात बर्फावरच्या खेळांचा वेगळा सोहळा करायचा बेत होता. तो पार पडला असता, तर पहिलं हिवाळी ऑलिंपिक जर्मनीच्या भूमीवर झाल्याची नोंद आज झाली असती. पण १९१४ साली महायुद्ध पेटलं. युद्ध संपल्यावर १९२० च्या ऑलिंपिकचा मान अँटवर्पला मिळाला, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया, तुर्कस्तान या हरलेल्या देशांना बोलावलंच गेलं नाही. तिथल्या बर्फाच्या सभागृहात एप्रिलमध्ये स्केटिंग झालं. जोडीचं सुवर्णपदक फिनलंडच्या लुडोविका आणि वाल्टर याकोबसन यांना मिळालं. ही लुडोविका माहेरची आयलर्स, जन्माने बर्लिनशेजारच्या पॉट्सडॅमची. १९११ ची ती एकटीच उतरलेली जोडी याच दोघांची. लग्नानंतर ती फिनलंडची झाली म्हणून तिला दार उघडं. तीच पॉट्सडॅमला राहून एखाद्या जर्मन जोडीदाराबरोबर खेळत असती, तर तिच्या वाट्याला पत्रसुद्धा आलं नसतं. बर्फ तोच, पायातलं कसब तेच, बदललं ते फक्त कागदावरचं राष्ट्र. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

आणि आता त्याच अँटवर्पमध्ये, त्याच उन्हाळ्यात आलेली आपली माणसं. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना पाहिली आणि त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहिली. फरक वाटला होता तेवढा नव्हता. मग त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलणी केली, हिंदुस्थानला ऑलिंपिक समितीकडून प्रवेश मिळवला, पैसा उभा केला. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत होते, पण त्यांना ती पुरी करता आली नाही. कुमार नवले आणि रणधीर शिंदे कुस्तीत उतरले. शिंदे हलक्या वजनी गटात, गादीवरच्या कुस्तीत, थेट ब्राँझपदकाच्या लढतीपर्यंत पोचले आणि ब्रिटनच्या बर्नार्डशी हरून चौथे आले. मातीत घडलेल्या मल्लाने परक्या नियमांनी लढून मिळवलेला हा चौथा नंबर मला फार मोठा वाटतो. पण एक गोष्ट विचारात घ्या. बेळगाव-कोल्हापूरकडे लांब पल्ल्याचं धावणं आणि कुस्ती काही १९२० साली सुरू झाली नाही. १९०८ आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये इथलं कुणीच का नाही, याचं उत्तर मांडीच्या स्नायूंत सापडणार नाही. तोपर्यंत दोराबजींसारखा खटपट्या माणूस, गव्हर्नरचा शब्द आणि बोटीच्या भाड्याचा पैसा एका ठिकाणी आला नव्हता, एवढंच त्याचं उत्तर.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे. जो मैदानात उतरला तोच खेळाडू, बाकीच्या गप्पा. जो आलाच नाही त्याचा हिशेब कसा मांडणार? आंबेगाव-जुन्नरच्या श्रोत्यांना याचं उत्तर मी देण्याची गरज नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत शर्यतींचे घाट ओस पडले होते, अधिकृत बारी झाली नाही, घाटाचा राजा ठरला नाही. उद्या कुणी नुसती नोंदवही उघडून म्हणालं, की त्या वर्षांत या तालुक्यांत पळणारा बैलच नव्हता, तर गोठ्यात बैल बांधून ठेवलेला माणूस त्याला काय ऐकवेल? कोरी जागा आणि शून्य यांत फरक आहे, आणि तो घरात बैल असणाऱ्याला बरोबर कळतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. जर्मनीने १९१४ साली बेल्जियमवर चाल केली होती, गावंच्या गावं बेचिराख केली होती. युद्ध संपून दोन वर्षंही झाली नसताना त्याच बेल्जियमने जर्मनांना पाहुणे म्हणून बोलावून हारतुरे द्यायचे काय? नाही. मला वाटतं, अँटवर्पच्या लोकांनी दार लावलं ते त्यांच्या जागी माणसासारखंच वागणं होतं. पण शिक्षा योग्य होती की नाही हा एक प्रश्न, आणि त्या शिक्षेनंतर लागलेले निकाल कसे वाचायचे हा दुसरा. दार लावायचा अधिकार मान्य केला म्हणून दाराबाहेर कुणी लायक नव्हतंच असं ठरत नाही. ऑस्ट्रियाचं उदाहरण बघा. १९२० ला तोही देश बाहेर होता. १९२४ च्या शामोनीला, म्हणजे ज्याला पुढे पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हटलं गेलं तिथे, ऑस्ट्रियाला प्रवेश मिळाला, जर्मनी मात्र अजून बाहेरच. आणि ऑस्ट्रियाने आल्या आल्या महिलांचं आणि जोडीचं अशी स्केटिंगची दोन सुवर्णपदकं नेली. जोडीतली हेलेन एंगेलमान तर १९१३ सालीच जोडीदार दुसरा असताना जगज्जेती झालेली होती. चार वर्षांपूर्वी अँटवर्पला तिचं नाव नाही, ते तिला खेळता येत नव्हतं म्हणून नव्हे.

इथे एखादा जाणकार मला अडवेल, आणि बरोबर अडवेल. जर्मनीचं काय? १९२८ साली सेंट मॉरिट्झला जर्मनी परत आला आणि मिळालं काय, तर हान्स किलियानच्या बॉबस्ले संघाला एक ब्राँझपदक. मग दार लावल्याने बिघडलं काय होतं? मला यात माझ्या म्हणण्याविरुद्ध काही दिसत नाही. बाहेर ठेवलेले हमखास जिंकले असते, असा माझा दावाच नाही. स्पर्धेबाहेर काढलेली वर्षं अशीच कोरी ठेवली पाहिजेत, त्यांत आपल्या मर्जीने सुवर्णपदकंही भरू नयेत आणि शून्यही भरू नये. शिवाय खेळाडूचं वय काही बैठकीच्या निर्णयासाठी थांबत नाही. वेर्नर रिटबर्गर हा जर्मन स्केटर १९१०, १९११ आणि १९१२ अशा तिन्ही जागतिक स्पर्धांत दुसरा आला होता, आजही एका उडीला जर्मन लोक त्याचंच नाव देतात. त्याची भरातली वर्षं युद्धात आणि बहिष्कारात गेली. ती १९२८ ला कोण परत आणून देणार? आणि हाच काटा आपल्या बाजूलाही लावावा लागतो. शिंदे चौथे आले त्या स्पर्धेत जर्मन आणि हंगेरियन मल्ल नव्हते. ते असते तर शिंद्यांचा नंबर कदाचित खाली गेला असता, कदाचित नसता गेला. त्यांच्या पराक्रमावर पाणी न टाकता एवढं कबूल करायला हरकत नसावी.

दार बंद ठेवूनच तक्ता बिघडतो असंही नाही. कधी दार दाखवण्यापुरतं किलकिलं करतात. १९३६ च्या फेब्रुवारीत गार्मिश-पार्टेनकिर्शनला हिवाळी ऑलिंपिक झालं. यजमान आता नाझी जर्मनी. ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या रस्त्यारस्त्यांवर होत्या, त्या ऑलिंपिक समितीने दटावल्यावर तेवढ्यापुरत्या उतरवल्या. बर्फावरच्या हॉकीच्या जर्मन संघात वडिलांकडून ज्यू असलेला रूडी बाल तेवढा घेतला. क्रिस्टल क्रान्झ आणि फ्रान्झ फ्नूर यांनी स्कीइंगमध्ये, माक्सी हेर्बर आणि एर्न्स्ट बायर यांनी जोडीच्या स्केटिंगमध्ये सुवर्णपदकं मिळवली. खेळ त्यांचा अस्सल होता, पण जर्मन क्लबांतून ज्यू खेळाडूंना आधीच हाकलून दिलेलं होतं, आणि ते त्या पदकांवर कुठे लिहिलेलं नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ बर्लिनला गेला आणि त्याने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. त्या प्रेक्षकांनी मल्लखांबाला टाळ्या दिल्या असतीलच, पण मल्लखांबाचं पदक नव्हतं. कोणते खेळ स्पर्धेत घ्यायचे हेही आमंत्रणाच्याच यादीत लिहिलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तेच. १९४८ साली सेंट मॉरिट्झच्या हिवाळी आणि लंडनच्या उन्हाळी ऑलिंपिकला जर्मनी आणि जपान दोघेही नव्हते. रिया बारान आणि पाउल फाल्क ही जर्मन जोडी तेव्हा आपल्या देशात पहिली होती. काही वर्षं घरी बसून, १९५१ ला जगज्जेती होऊन, १९५२ ला ऑस्लोमध्ये तिने सुवर्णपदक घेतलं. आणि त्याच १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव उतरले. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. या वेळी त्यांच्या प्रवासासाठी गावोगाव वर्गणी झाली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीला जपान होता, जर्मनी होता, आणि सोव्हिएत रशिया तर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच उतरला होता. खाशाबांनी कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा मल्ल पाडला, ते हरले ते सोव्हिएत मामेदबेकोव आणि जपानी इशी यांच्याशी, आणि त्या दोघांनाच रौप्य आणि सुवर्ण मिळालं. खाशाबांचं ब्राँझ हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि ते मिळालं तेव्हा गादीवर बहुतेक सगळे हजर होते. नव्हते ते फक्त आपल्याकडचेच असे मल्ल, ज्यांच्या गावी घर गहाण टाकणारा प्राचार्य नव्हता.