तिथीवरून भरती-ओहोटी

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून आजी-आजोबांना घेऊन अलिबागला निघताय? पहाटेची सीएसएमटी लोकल, गेटवेहून मांडव्याची बोट, पुढे बस. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून मे महिनाच बरा. निघण्याआधी कॅलेंडरात तिथी पाहा. किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. षष्ठीला साडेचार. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेदहाला. पाणी ओसरलं की कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. आत आंग्र्यांच्या काळातलं गणपती मंदिर आहे, आणि भर समुद्रात गोडं पाणी! आजीचे गुडघे दुखत असतील तर घोडागाडी करा. परतीची वेळ मात्र स्थानिकांना विचारूनच ठरवा. पाणी चढायला लागलं की वाट पाहू नका.