चार लोक काय म्हणतील?

(वर्धापनदिनानिमित्त विहारात केलेले भाषण)



मी काही पंडित नाही. पाळी सुटल्यावर वाचून जे समजलं ते सांगतो.

अमेरिकेत सोलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1951 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक रेघ दाखवायची आणि तेवढीच लांब रेघ तिघींतून ओळखायची. शेंबडं पोरही सांगेल. पण खोलीत एकजण सोडून बाकी सगळे आधीच पढवलेले, मुद्दाम चुकीचं बोलणारे. तर त्या एकट्यांची साधारण तिसरा हिस्सा उत्तरं चुकली! डोळे शाबूत असून माणूस चौघांमागे गेला.

आपल्याला हे नवीन नाही. 1923 साली बोले साहेबांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. पण ते कागदावर. रूढीचा धाक होता, आणि माराची भीती तर खरीच होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ उचलली, तेव्हा मागून हजारो ओंजळी उठल्या. त्याच दिवशी आपल्या लोकांची डोकी फुटली, हेही विसरू नका.

आता स्वतःचं सांगतो. खंडेनवमीला आमच्या खात्यात साच्यांची पूजा व्हायची. घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम, आणि मी रांगेत उभा राहून साच्याला हळद-कुंकू लावायचो. एक-दोन नाही, अकरा वर्षं! जबरदस्ती कोणी केली नाही. मुकादम नुसता बघायचा. दुसऱ्या दिवशी अशोक विजयादशमीला पांढरे कपडे घालून विहारात यायचो, तर वंदनेला आवाज फुटायचा नाही.

बाराव्या वर्षी नवीन लागलेला आपल्यातलाच एक पोरगा, परमनंटही नव्हता, म्हणाला, "साहेब, साचा पुसून तेल घालून देतो. पूजा करणार नाही." खातं गप्प. मग मीही ताट खाली ठेवलं. ॲशच्या प्रयोगातही तेच आहे. खरं बोलणारा एक सोबती मिळाला की चुकीची उत्तरं एकदम कमी झाली.

मला काही झालं नाही. त्या पोराला ब्रेक दिला आणि पुन्हा घेतलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही. मी परमनंट, युनियनचा माणूस, पहिलं मी बोलायला हवं होतं.

आता आपल्या चिंचवडच्या वस्तीत हळदीला डीजे लागतो, त्यासाठी पतपेढीचं कर्ज निघतं. इथे ते चार लोक आपणच आहोत. ज्यांना विहारात साधा मंगल परिणय करायचा आहे, त्यांनी मला आधी कळवा. भावकी रुसली तरी मी सकाळपासून सतरंज्या घालायला हजर असेन.

जयभीम!