स्फूर्तीची पूर्वतयारी

एखादा तरुण एक विद्या अर्ध्यावर टाकून दुसरीकडे वळला, की घरातील वडील मंडळी कपाळाला हात लावतात. याचे चित्त एके ठिकाणी नाही, हा पुढे पोट कसे भरणार, अशी त्यांना चिंता पडते; आणि ती वावगीही म्हणता येणार नाही. परंतु कलेच्या प्रांतात धरसोड कोणती आणि पूर्वतयारी कोणती, हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. या दृष्टीने धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे चरित्र विचार करण्याजोगे आहे.

फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्याच्या घरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाईचे ठसे, जे जे दिसेल ते त्यांनी शिकून घेतले. गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान थाटले. परंतु प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले आणि ते गाव सुटले. मग जादूचे प्रयोग झाले. त्यासाठी आपल्याच आडनावाची अक्षरे फिरवून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव धारण केले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी धरली व सोडली. लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यासाठी काम केले. १९०९ साली छपाईचे नवे तंत्र पाहण्यासाठी जर्मनीस गेले. परंतु पुढे भागीदारांशी बिनसून स्वतःच्या छापखान्यातूनही बाहेर पडले. वयाची चाळिशी आली, पदरी संसार आणि हाती धंदा नाही. व्यवहाराच्या हिशेबाने हा गृहस्थ फुकट गेला होता.

अशा स्थितीत १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

तो चित्रपट इतर अनेकांनीही पाहिला असेल. मग ठिणगी येथेच का पडली? कारण या एका मनुष्याच्या ठायी सारे सरपण पंचवीस वर्षे साठत आले होते. चौकट कशी भरावी हे चित्रकाराला ठाऊक होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या दृश्यांत रविवर्म्याच्या चित्रांची छाया स्पष्ट दिसते. प्रकाश आणि रसायने छायाचित्रकाराच्या हातांतली होती. देव प्रकट व्हावयाचे आणि अंतर्धान पावावयाचे, तेथे केळफांची जादू उपयोगी पडली. टाकलेली एकही विद्या वाया गेली नाही.

अर्थात् केवळ स्फूर्तीने भागले नाही. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फाळके १९१२ साली लंडनला गेले व यंत्र घेऊन आले. कुंडीत वाटाणा पेरून, त्याचे रोज थोडे थोडे चित्रण करून, अंकुराचा वेल होताना त्यांनी पडद्यावर दाखविला. तेव्हा कोठे भांडवल मिळण्याची आशा दिसू लागली. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक केला आणि कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडण्याचे कामही केले. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाने ती केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

या कथेवरून प्रत्येक धरसोडीचे कौतुक करावे, असे मात्र नाही. फाळक्यांनी धंदे सोडले; परंतु त्यांतील हातोटी अंगी बाणल्यावाचून सहसा सोडले नाहीत. शिवाय त्या प्रवासाचा भार घरातील माणसांनीही वाहिला, हे विसरून चालणार नाही. आणि एकदा साधलेले कायमचे पुरते, असेही नाही. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटाचा हा जनक मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकच बोलपट. १९४४ साली नाशकास ते निवर्तले.

तेव्हा मुलगा चित्रांवरून छायाचित्रांकडे आणि तेथून तबल्याकडे वळला, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी वडील मंडळींनी एवढेच पाहावे: ज्या दिवसांत तो त्या कामात होता, त्या दिवसांत त्याचे हात खरोखर कामात होते काय? होते असतील, तर थोडा धीर धरावयास हरकत नाही.