मोटारीची सरासरी का घटते?



आपल्या या भागात मोटारीविषयी बोलताना ‘ॲव्हरेज’ हा शब्द जितका कानी पडतो, तितका दुसरा क्वचितच पडत असेल. मराठी बोलणारा असो, हिंदी वा छत्तीसगढी बोलणारा असो, सुपेल्याच्या रस्त्यावर नव्या गाडीपाशी थांबलेला मनुष्य हाच प्रश्न विचारतो : ही ॲव्हरेज किती देते? महाराष्ट्रात त्याला बहुधा ‘मायलेज’ म्हणतात. मला आपला शब्द अधिक यथार्थ वाटतो. ॲव्हरेज म्हणजे सरासरी; आणि सरासरी ही अनेक दिवसांची, अनेक रस्त्यांची व अनेक सवयींची मिळून होत असते. ‘देते’ हे क्रियापद मात्र दिशाभूल करते. एका लिटरमागे ठराविक अंतर कापणे हा जणू गाडीचा अंगभूत गुण आहे, आणि ती तेवढे अंतर कापीनाशी झाली म्हणजे तिच्यात नक्कीच काही बिघाड झाला आहे, अशी समजूत त्यातून दृढ होते. वस्तुतः इंधनाचा खर्च हा गाडी, रस्ता, हवामान, इंधन आणि चालक या पाचांचा एकत्रित हिशेब होय. हा हिशेब न मांडता केलेला उपाय बहुधा वाया जातो, एवढेच आज मला आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भाड्याची गाडी चालवून पोट भरणाऱ्या एखाद्या चालकाचे उदाहरण घ्या. तो दिवसाला 100 किलोमीटर गाडी चालवतो. लिटरमागे 18 किलोमीटर पडत असताना त्याला सुमारे साडेपाच लिटर पेट्रोल लागे. सरासरी 15 वर आली की पावणेसात लिटर लागते. लिटरला शंभर रुपये असा सोपा भाव धरला, तरी महिन्याच्या पंचवीस दिवसांत पावणेतीन हजारांहून अधिक रुपये जास्तीचे जातात. ही रक्कम त्याच्या घरातील किराण्याची किंवा मुलांच्या शुल्काची असते. ती वाचवण्यासाठी तो मिस्त्रीकडे धाव घेतो. तेथे आज प्लग, उद्या फिल्टर, परवा इंजेक्टरची सफाई असा क्रम सुरू होतो. आणि सरासरी तेथेच राहिली, तर मिस्त्री लबाड किंवा पंपवाला चोर ठरतो. कधी हा संशय खराही असतो. परंतु मोजमाप हाती नसेल तर खरा संशय आणि खोटा संशय यांत भेद करणे शक्य होत नाही.

म्हणून पहिली पायरी मोजण्याची. गाडीच्या फलकावर दिसणारा आकडा हा यंत्राने केलेला अंदाज असतो. त्यावर विसंबून राहू नये. पंपावर टाकी भरून घ्यावी, नळी आपोआप बंद होताच थांबावे आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. पुढे तीन-चारशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवून शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा तशीच टाकी भरावी. 400 किलोमीटर झाले आणि 25 लिटर पेट्रोल मावले, तर सरासरी 16 झाली. असे निदान तीनदा करावे. शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल भरून काट्याच्या हालचालीवरून काढलेला निष्कर्ष हा निष्कर्षच नव्हे.

आता पेट्रोल जाते कुठे ते पाहू. भिलाईकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे. 1959 साली येथील पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून एक टन लोखंडामागे किती कोक लागला याचा हिशेब या गावाच्या अंगवळणी पडला आहे. झोतभट्टीतून निघणारा वायूही तेथे फुकट सोडत नाहीत. भट्टीत जाणारी हवा तापवण्यासाठी तो जाळतात. मोटारीपाशी अशी सोय जवळजवळ नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यापैकी साधारणतः एक चतुर्थांशच भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेला मोठा भाग उष्णतेच्या रूपाने धुराच्या नळीतून आणि रेडिएटरमधून निघून जातो, तर काही भाग इंजिनातील घर्षणात खर्ची पडतो. हा तोटा उत्तम गाडीलाही चुकत नाही. हाती उरतात ते आठ मेगाज्यूल. आणि या आठांचे वाटेकरी तीन : ब्रेक, टायर आणि वारा.

ब्रेक हा पहिला वाटेकरी. एक टन वजनाची गाडी ताशी 54 किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात जी गतिज ऊर्जा साठते, ती निर्माण करण्यासाठी सुमारे 14 मिलिलिटर पेट्रोल लागते. ब्रेक दाबून गाडी उभी केली की ही सर्व ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन नाहीशी होते. असे सत्तर वेळा घडले की एक लिटर पेट्रोल संपले. सुपेल्याच्या घडी चौकातून रविवारच्या बाजाराच्या गर्दीत जाणारी गाडी आणि पहाटे राजनांदगावकडे मोकळ्या महामार्गाने निघालेली गाडी यांची तुलना होऊ शकत नाही, ती याचमुळे. दोन चौकांमधील अंतर थोडे असताना जोराने वेग घेणे व लगेच जोराने ब्रेक मारणे ही सवय महाग पडते. समोरची गर्दी दुरूनच हेरून पाय आधी उचलणारा चालक याच रस्त्यावर त्याच गाडीत कमी पेट्रोल जाळतो.

याच्याच जोडीला उभ्या गाडीचा खर्च येतो. लहान मोटारीचे इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जाते. पाऊण लिटर धरले आणि रोज वीस मिनिटे कोंडीत वा दुकानापुढे गाडी चालू राहिली, तर महिन्याकाठी सहा लिटरांहून अधिक पेट्रोल एक पाऊलही पुढे न जाता संपते. तसेच थंड इंजिनाला प्रारंभी अधिक दाट मिश्रण लागते. सुपेल्याहून सेक्टरातील बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर जायचे, गाडी बंद करायची, इंजिन निवले की परत यायचे, असाच जिचा दिनक्रम असतो ती गाडी कधीच पुरती तापत नाही. तिची सरासरी कमी येणे हा तिचा दोष नव्हे.

दुसरा वाटेकरी टायर. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक चेपतो आणि त्यात ऊर्जा जिरते. पाच पौंड हवा कमी असेल तर खर्च सुमारे एक ते दीड टक्क्याने वाढतो. टायरची झीज होते ती वेगळीच. आपल्या हवामानात याकडे विशेष लक्ष पुरवले पाहिजे. उन्हाळ्यात 40 अंश तापमान असताना 32 पौंड हवा भरली आणि मग कोणी तिकडे पाहिलेच नाही, तर डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांवर तोच टायर सुमारे 28 पौंड दाखवतो. त्यातून कणभरही हवा गळालेली नसते. थंडीने ती आकसलेली असते. म्हणून महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरावी.

तिसरा वाटेकरी वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 वरून 80 वर गेले की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो, आणि 100 वर गेले की पावणेतीन पट. सामान्य लहान गाडीत साठाच्या सुमारास वारा आणि टायर यांचा वाटा जवळजवळ सारखा असतो; त्यापुढे वारा वरचढ होतो. भिलाईहून नागपूरला जाताना वेळ वाचवण्यासाठी शंभराच्या पुढे गाडी पळवणाऱ्याने पेट्रोलच्या हिशेबात ही किंमत धरावी. लग्नसराईत टपावर बसवलेले कॅरिअर वर्षभर तसेच राहिले, तर तेही रिकामेपणी वाऱ्याशी झुंजत असते.

या तिघांखेरीज ऋतूचा एक मोठा वाटा आहे. मे महिन्यात वातानुकूलन यंत्रावाचून प्रवास असह्य होतो. या यंत्राचा पंप इंजिनाच्याच बळावर चालतो. तीव्र उन्हाळ्यात, विशेषतः लहान फेऱ्यांत, त्यामुळे खर्च पंधरा-वीस टक्के किंवा अधिकही वाढू शकतो. मे महिन्यातील सरासरीची तुलना फेब्रुवारीशी करून गाडीला दोष देणे म्हणूनच न्याय्य नाही. गाडी सावलीत उभी करणे आणि निघताना प्रथम काचा उघडून आतील तापलेली हवा बाहेर जाऊ देणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

एवढे सर्व जमेस धरूनही सरासरी घटलेलीच दिसली, तर आता गाडी तपासावी. प्रथम पाहावे ते चाक. सपाट रस्त्यावर गाडी सुरळीत सरकत नसेल, किंवा ब्रेक फारसे न वापरताही एकच चाक इतरांहून अधिक तापत असेल, तर ब्रेक चिकटत आहे असे समजावे. त्यानंतर चाकांची दिशा आणि घसरणारा क्लच. मग इंजिनाकडे वळावे. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन थंड राहते आणि दाट मिश्रण चालूच राहते. तापमानाचा काटा बराच वेळ खालीच राहणे हे त्याचे लक्षण. धुराच्या नळीतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक बिघडला तरी मिश्रण चुकते. एअर फिल्टरविषयी मात्र जुनी समजूत सोडावी लागेल. कार्ब्युरेटरच्या काळात तुंबलेला फिल्टर पेट्रोल अधिक खात असे. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तो प्रामुख्याने इंजिनाची शक्ती कमी करतो. धुळीच्या गावात तो बदलावा हे खरेच. पण त्याने सरासरी एकदम वाढेल अशी आशा बाळगू नये. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवयही त्याच काळातील. आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावे लागते, आणि गाडीवरचा ताबाही सैल होतो.

शेवटी इंधन. 2023 पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि 2025 पर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे या मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानेही जुन्या धाटणीच्या मोटारींत सहा ते सात टक्के आणि नव्या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या मोटारींत एक ते दोन टक्के घट अपेक्षिली होती. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाची तक्रार निराधार नाही. परंतु सरासरी 18 वरून 13 वर आली असेल, तर तेवढी घट इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. मापाविषयी संशय असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते. त्यात पेट्रोल भरून दाखवण्याची मागणी करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य मानतात.

विक्रेत्याच्या पत्रकातील आकड्याविषयीही दोन शब्द. तो पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत ठरतो. ही संस्था 1966 साली स्थापन झाली. तेथे गाडी रुळांवर चढवून ठरलेल्या वेगक्रमाने चालवतात, आणि रस्त्यावरील बहुतेक गाड्यांचे आकडे वातानुकूलन बंद ठेवूनच काढलेले आहेत. दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास तो आकडा उपयोगी आहे. घडी चौकातील आपल्या गाडीने तो गाठावा, असे वचन त्यात कोणीही दिलेले नसते.

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. तेव्हा वाया गेलेल्या लिटरचा भार घरावर पडतो तसा देशावरही पडतो. माझी विनंती एवढीच की मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी एक लहान वही गाडीत ठेवावी. तीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि त्या दिवसांत गाडी मुख्यतः कोठे फिरली, हे लिहीत जावे. तीन-चार महिन्यांच्या नोंदी घेऊन आपण गेलात, तर चांगल्या मिस्त्रीलाही दोष शोधणे सोपे जाईल, आणि वाईट मिस्त्रीला आपल्याला फसवणे अवघड होईल.